कुठलं औषध?

आमच्या तासगावाकडं ‘औषध’ या शब्दाला दोन घरं आहेत. डॉक्टर लिहून देतात तेही औषध आणि द्राक्षबागेत ब्लोअरनं मारतात तेही औषध. “आबा औषध आणायला गेल्यात” म्हटलं, की आबा मेडिकलमध्ये असतील की कृषी सेवा केंद्रात, ते पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. आणि “अमक्याच्या पोरानं औषध घेतलं” असं कुणी दबक्या आवाजात सांगितलं, तर पुढचं वाक्य कुणी विचारतच नाही. बायका पदर तोंडाला लावतात, पुरुष गाडीची किल्ली शोधायला लागतात आणि गाडी मिरजेच्या रस्त्याला लागते.

‘मिरजेला नेलं’ हाही आमच्याकडचा एक स्वतंत्र वाक्प्रचारच. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला तेव्हापासून हा रस्ता वाहतो आहे. त्याच गावात गेली बावीस वर्षं मी एका न्यूरॉलॉजिस्टकडं ईएमजी टेक्निशियन म्हणून काम करते. पेशंट मला ‘शॉकवाल्या मॅडम’ म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. मनगटावर, कोपरावर, घोट्याजवळ बारीक करंट द्यायचा आणि नसेतून निरोप किती वेगानं गेला ते पडद्यावर मोजायचं, हे माझं काम. निरोगी माणसाच्या हातात हा निरोप सेकंदाला ५० मीटरच्या वर धावतो, पायात ४० च्या वर. हे आकडे मला आता पाढ्यांसारखे पाठ आहेत, पण पहिल्याच वर्षी त्यांनी मला चांगलं तोंडघशी पाडलं होतं.

डिसेंबरातली सकाळ होती. जतकडचे एक काका पहाटेच्या एसटीनं खिडकीशी बसून आलेले. मी मशीन लावलं, आकडा आला ४३. दुसऱ्या हातालाही जवळपास तेवढाच. मी सुवाच्य अक्षरात ‘नसा मंदावल्या आहेत’ अशा अर्थाचं लिहून कागद सरांपुढं ठेवला. सरांनी कागद वाचला, काही न बोलता उठून बाहेर आले आणि काकांचा हात हातात घेतला. पाहुण्याला भेटावं तसा. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “ताई, आधी गरम पाण्याची पिशवी आणा.” अर्ध्या तासानं त्याच हातात त्याच नसेचा आकडा आला ५४. कातडीचं तापमान एक अंशानं उतरलं तरी वेग साधारण दोन मीटरनं पडतो. मी आजार मोजत नव्हते, खिडकीतलं वारं मोजत होते. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर थर्मामीटर असतो, आणि मनगट ३२ अंशांच्या खाली असेल तर मी मशीनला हात लावत नाही.

या कामातला दुसरा भाग सुईचा. तो सर स्वतः करतात. बारीक सुई स्नायूत घालायची आणि स्पीकर चालू करायचा. स्नायू सैल सोडलेला असेल तर तो गप्प असायला हवा. नस तुटलेला किंवा आजारानं सडलेला स्नायू मात्र गप्प बसत नाही, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा टपटपत राहतो. ही उपमा पुस्तकांतलीच आहे, पण आमच्या घरावर पत्रा असल्यामुळं मला ती कुणी समजावून सांगावी लागली नाही. एका आजारात तर चढावर कुणी मोटारसायकलचा अॅक्सिलरेटर पिळून सोडल्यासारखा आवाज येतो. सर डोळे मिटून ऐकतात. मिरजेत सतारमेकर गल्लीतले कारागीर जवारी लावताना, म्हणजे तारेचा सूर खुलवताना, घोडीवर कानस फिरवतात, तार छेडतात, पुन्हा कानस फिरवतात. तेव्हा त्यांचा चेहरा अगदी असाच असतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले. सरांच्या कानाला असलं काही मानांकन मिळायची सोय नाही.

बारावीनंतर साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, वर आणखी तीन वर्षं डीएम न्यूरॉलॉजी. “एवढ्या वर्षांत द्राक्षाची बाग लावून, म्हातारी करून, तोडून पण होती की,” असं माझे वडील म्हणाले होते. मोठ्या शहरात राहिले असते तर सरांनी फक्त स्नायू आणि नसांच्या आजारांचंच काम केलं असतं. इथं तसं करून भागत नाही. रोज फिट, लकवा, डोकेदुखी बघावीच लागते. पण त्यांचा जीव कशात आहे ते ओपीडीत पाच मिनिटं बसलेल्यालाही कळतं. एखादा पेशंट खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेतो आणि सरांचं पेन लिहायचं थांबतं.

आठ वर्षांपूर्वी आटपाडीकडचा एक सहा वर्षांचा मुलगा आला होता. बरोबर प्लास्टिकच्या पिशवीभर लिव्हरचे रिपोर्ट. लिव्हरसाठी रक्तात तपासतात ते एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले, म्हणून दोन वर्षं त्याचं तेल-तूप बंद. कावीळ उतरवणाऱ्याकडं दोन वाऱ्या झालेल्या. सोनोग्राफीत लिव्हर मात्र अगदी चांगलं. सरांनी पिशवी उघडलीच नाही. हातातलं पेन फरशीवर टाकलं आणि म्हणाले, “बाळा, देतोस का तेवढं?” मुलगा खाली बसला, पेन घेतलं आणि उठायला लागला. आधी दोन्ही हात जमिनीवर. मग ढुंगण वर. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर शिडीसारखा चढत तो उभा राहिला.

याला गॉवर्स यांची खूण म्हणतात. लंडनच्या या डॉक्टरानं १८७९ साली तिचं वर्णन केलं. तो आजार ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू झिजवत नेणारा. ड्युशेन हे पॅरिसचे डॉक्टर, त्यांनी गॉवर्स यांच्याही आधी, १८६० च्या दशकात त्यावर लिहिलं. एसजीओटी, एसजीपीटी फक्त लिव्हरमध्ये नसतात, स्नायूतही असतात. स्नायू फुटायला लागले की तेही रक्तात उतरतात. मग सीपीके तपासलं, तेही स्नायूतलंच. निरोगी माणसात ते दोनशेच्या आतबाहेर असतं, या मुलाचं १६ हजार.

मला सगळ्यात लागलं ते त्याच्या वडिलांचं बोलणं. त्यांनी पोराची चड्डी वर सरकवून पोटऱ्या दाखवल्या. “बघा सायेब, पोटऱ्या कशा पैलवानावाणी. तालमीत घालायचं ठरलंय.” त्या पोटऱ्या स्नायूच्या जागी चरबी भरल्यामुळं फुगल्या होत्या. सरांनी ते त्या क्षणी सांगितलं नाही. जीन्सची तपासणी होऊन आली, तेव्हा आई, बाप आणि आजी तिघांना एकत्र बसवून सांगितलं. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून बहुतेक वेळा आईकडून मुलाकडं येतो. हे वाक्य आमच्या भागात कुठल्या घरात कसं पडेल हे सांगायला न्यूरॉलॉजी लागत नाही. आजीची मान सुनेकडं वळायच्या आत सर म्हणाले, “आजी, तीनातल्या एका पोरात हा बदल नव्यानंच होतो, आईत नसतोच. आणि आईत असला तरी तिनं तो बाजारातनं आणलेला नसतो. तिला तिच्या आईनं दिला, तिच्या आईला आणि कुणी.” आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजी कुणाचंच न्हाई म्हणा की.”

त्या दिवशी औषध म्हणून त्या घरात पहिल्यांदा काय गेलं असेल तर तूप. “तूप-पोळी द्या त्याला. बेतानं द्या, पुढं स्टिरॉइडनं वजन वाढणार आहे,” असं सरांनी सांगितलं. आज तो चौदा वर्षांचा आहे आणि व्हीलचेअरवर आहे. गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांचा स्कोअर तोच लिहितो. दर सहा महिन्यांनी हृदयाची इको करायला येतो आणि माझ्या खोलीत डोकावून विचारतो, “आज कुणाला शॉक?”

पण मी सांगत होते औषधाबद्दल.

नस स्नायूला चिकटलेली नसते. दोघांच्या मध्ये फट असते, डोळ्यांना न दिसणारी. हे पेशंटला समजावायला सरांनी एक युक्ती काढली आहे, आणि ती मिरजेतच चालते. जुन्या लोकांना आठवत असेल, मिरज जंक्शनला मोठी गाडी यायची आणि पंढरपूरची छोटी गाडी वेगळ्या रुळांवर उभी असायची. रुंदी वेगळी, त्यामुळं डबे इकडचे तिकडं जायचा प्रश्नच नाही. हमालांनी माल उतरवायचा, फलाटावरून न्यायचा आणि छोट्या गाडीत चढवायचा. नसेतली वीजही तशीच फटीपाशी येऊन थांबते. तिथं असेटिलकोलिन नावाचे हमाल उतरतात, फलाट ओलांडतात, स्नायूच्या गाडीची दारं उघडी असतात त्यांतून माल आत टाकतात, आणि स्नायू आखडतो. लगेच फलाट झाडणारा येतो आणि हमालांना हटवतो, नाहीतर पुढच्या गाडीला जागा कुठली? झाडणाऱ्याचं नाव कोलिनएस्टरेज.

“आता बोला, कुठं अडलंय?” हे सरांचं पुढचं वाक्य.

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती गाडीची दारं बंद करत सुटते. सकाळी हमाल भरपूर असतात म्हणून निभतं, संध्याकाळपर्यंत पापण्या उतरतात. नाग चावला तर त्याचं विष दारात जाऊन बसतं. मण्यार चावली तर गोष्ट आणखी वाईट, तिचं विष मोठ्या गाडीतून हमालांनाच उतरू देत नाही. आमच्या जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आहे, त्यामुळं नागाबद्दल इथं बोलताना माणसं जपून बोलतात. कोर्टाच्या आदेशानं जिवंत नागांच्या खेळांवर बंधनं आली तेव्हा केवढा वाद झाला होता. पण माणसं शेतात घाबरतात ती नागाला, आणि रात्री जमिनीवर झोपलेल्याला गुपचूप चावते ती मण्यार. दातांची खूणही धड दिसत नाही. सकाळी पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात, रात्री झोप झाली नसेल.

असा एक तरुण शहरातल्या एका आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता. हात नाही, पाय नाही, डोळ्यांची बुबुळंसुद्धा हलत नव्हती. पलंगाच्या उशाशी उभं राहून कुणीतरी म्हणालं, “मेंदू गेलाय, घरी न्या.” सरांना बोलावणं गेलं, पोर्टेबल मशीन घेऊन मीही गेले. सरांनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं. मग त्या मुलाच्या कानाशी वाकून म्हणाले, “तुला ऐकू येतंय हे मला माहीत आहे. विषामुळं हलता येत नाही. चार-आठ दिवसांत हलशील.” तोवर मी इतकी वर्षं नोकरी करूनही हे मनाशी धरलं नव्हतं, की हे विष मेंदूपर्यंत जातच नाही; पूर्ण निश्चल माणूस आत टक्क जागा असू शकतो. सहाव्या दिवशी त्याच्या पायाचा अंगठा हलला. पुढं चालत ओपीडीत आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हा होता, “घरी न्या म्हणणारं कोण हुतं?” सरांनी उत्तर दिलं नाही. मीही देत नाही.

याच विषानं पुढं मायस्थेनियाचं कोडं सोडवायला मदत केली, हे मला सरांनी चहा पिता पिता सांगितलं. तैवानातल्या मण्यारीच्या जातीच्या सापाच्या विषातून १९६३ साली तिथल्या दोघा शास्त्रज्ञांनी एक घटक वेगळा काढला. तो गाडीच्या दाराला इतका घट्ट चिकटतो की त्याला किरणोत्सारी खूण लावली तर दारं मोजता येतात. १९७३ साली मायस्थेनियाच्या पेशंटच्या स्नायूत ती मोजली गेली, आणि निघाली फारच थोडी.

आणि बागेतलं औषध? त्यातलं बरंचसं ऑर्गॅनोफॉस्फरसवालं, ते फलाट झाडणाऱ्याला मारतं. हमाल उतरत राहतात, हटत कुणीच नाही. आधी स्नायू थरथरतात, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. मग गर्दीनं सगळंच ठप्प होतं. गंमत अशी, की गंमत हा शब्द बरोबर नाही पण दुसरा सुचत नाही, मायस्थेनियाला आपण जी गोळी देतो ती पायरिडोस्टिग्मिनसुद्धा हेच करते. झाडणाऱ्याला थोडा वेळ अडवते, म्हणजे थोडे हमाल जास्त वेळ फलाटावर राहतील आणि उरलेल्या दारांतून माल जाईल. तीन-चार तासांनी त्याला सोडून देते. फवारणीचं औषध सोडत नाही, एवढाच फरक.

या गोळीची पूर्वजही विषारीच. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाच्या प्रदेशात एक बी मिळते. आरोपीला ती खायला घालायची. मेला तर गुन्हेगार, वाचला तर निर्दोष. तिच्यातून फायसोस्टिग्मिन निघालं. १९३४ साली लंडनमधल्या ग्रीनिचच्या दवाखान्यात मेरी वॉकर नावाच्या एका कनिष्ठ डॉक्टरबाईंच्या मनात आलं, की मायस्थेनियाचा पेशंट क्युरारे या बाणाच्या विषानं लुळ्या पडलेल्या माणसासारखा दिसतो, तर मग त्या विषाचा उतारा याला का लागू पडू नये? त्यांनी फायसोस्टिग्मिन टोचलं आणि पेशंटची पापणी उचलली. सर ही गोष्ट प्रत्येक नव्या शिकाऊ डॉक्टरला सांगतात. ‘कनिष्ठ’ या शब्दावर थोडं थांबतात.

आमच्याकडच्या मायस्थेनियाच्या पेशंटमध्ये मला सगळ्यात जवळच्या म्हणजे वाळव्याकडच्या एक शिक्षिका. पहिल्या तासाला खणखणीत आवाज, शेवटच्या तासाला धडा वाचताना आवाज नाकात जायचा. पोरं नक्कल करायची. जेवताना दुसऱ्या भाकरीला जबडा थकायचा. तीन ठिकाणी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून त्या आमच्याकडं आल्या. सरांनी त्यांना छताच्या पंख्याकडं एक मिनिट बघायला सांगितलं. चाळिसाव्या सेकंदाला डावी पापणी पडदा सोडावा तशी खाली आली. मग बर्फ हवा होता आणि आमचा फ्रीज नेमका त्याच आठवड्यात बंद. शिपायाला समोरच्या रसवंतीवर पिटाळलं. उसाच्या वासाचा तो बर्फ हातमोज्यात भरून दोन मिनिटं पापणीवर धरला. काढला तर डोळा उघडलेला! गारव्यानं झाडणाऱ्याचं काम मंदावतं, म्हणून थोडा वेळ पापणी सावरते. ज्या गारव्यानं पहिल्या वर्षी माझी फजिती केली होती, तोच इथं निदान करून गेला. मग हात नीट गरम करून मी त्यांच्या नसेला सेकंदाला तीन असे झटके दिले. पहिल्यापेक्षा चौथा प्रतिसाद दहा टक्क्यांहून जास्त उतरला तर दोष धरतात. बाईंचा २८ टक्के उतरला. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमस ग्रंथीची गाठ नव्हती, या आजारात ती कधी कधी असते. गोळ्या चालू झाल्या. जेवणाआधी अर्धा तास एक, म्हणजे भाकरी संपेपर्यंत जबडा साथ देतो.

दीड वर्ष सगळं छान चाललं. मग एका जानेवारीत रिक्षातून त्यांना उतरवून आणलं. तोंडाला टॉवेल, लाळ थांबत नव्हती, दंड आणि मांड्या कातडीखाली वळवळत होत्या, श्वास अपुरा. दारातल्या सिस्टर पटकन म्हणाल्या, “औषध घेतलंय वाटतं.” नवरा संतापला, “अहो, मास्तरीण हाय ती, असलं काय करंल?” सरांनी कुणाचंच ऐकून घेतलं नाही. बाईंसमोर उकिडवे बसले आणि विचारलं, “बाई, कुठलं औषध? किती?”

बाईंनी पर्समधून रिकामी पाकिटं काढली. मी मोजली. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, सूत्रसंचालन त्यांच्याकडं. आवाज पडू नये म्हणून त्यांनी दिवसभर आमचीच गोळी खाल्ली होती, रोजच्या पाचाच्या जागी सतरा.

सर त्यांना म्हणाले, “एका श्वासात आकडे म्हणा.” आमच्याकडं फुप्फुसाचं मशीन आहे, तरी सर आधी हेच करतात. निरोगी माणूस सहज चाळिसापलीकडं जातो, विसाच्या आत अडकला तर रात्री कुणीतरी जागं राहायला हवं. बाई अकराला थांबल्या. दोन दिवस त्या आयसीयूत होत्या, अॅट्रोपिनवर. जे अॅट्रोपिन फवारणीचं औषध प्यायलेल्याला देतात तेच. बऱ्या झाल्यावर मला म्हणाल्या, “सूत्रसंचालन मात्र पूर्ण केलं हं मी.” मी रागावणार होते, पण हसू आलं.

एका श्वासातल्या या आकड्यांवरून आठवलं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिया बारे सिंड्रोमचे पेशंट निघाले, पिण्याच्या पाण्याकडं बोट गेलं, आणि पाय झिणझिणणारा सगळा सांगली जिल्हा आमच्या दारात येऊन उभा राहिला. सर एकेकाच्या गुडघ्यावर हातोडी मारायचे. पाय उडाला की “घरी जा, पाणी उकळून प्या.” या आजारात गुडघा उडत नाही, आणि लुळेपणा पायाकडून वर चढत छातीपर्यंत येऊ शकतो. आकडे म्हणायला सांगितलं तर एका वारकरी आजोबांनी सरळ हरिपाठ चालू केला. सरांनी अडवलं नाही, घड्याळ बघत राहिले. त्या गर्दीत खरा पेशंट एकच निघाला. साठ किलोच्या माणसाला यावरच्या औषधाच्या, इम्युनोग्लोब्युलिनच्या, पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या लागतात, पाच दिवसांत. त्याच्या भावानं बिल ऐकून विचारलं, “एकरी किती पडंल?” सवयीनं निघालं तोंडातून.

बाईंच्या त्या प्रकरणानंतर मी सुट्टीला तासगावला गेले. वडील बागेतून आले, हातपाय धुतले आणि भिंतीतल्या कोनाड्यातून बीपीची गोळी काढून घेतली. त्याच कोनाड्यात, गोळ्यांच्या डब्याला खेटून, अर्धी उरलेली फवारणीची बाटली. वरचं लेबल भिजून गेलेलं. मी विचारलं, “बाबा, हे कुठलं औषध?” त्यांनी बाटली उजेडात धरली, हुंगली, आईला हाक मारली. दोघांनाही आठवेना.

बाटली मी शेडमध्ये नेऊन ठेवली. पुढच्या खेपेला गेले तर आईनं कोनाडा रिकामा करून भिंतीला दोन फळ्या ठोकून घेतल्या होत्या, एक स्वयंपाकघरात आणि एक पार शेडच्या टोकाला, कुलपाच्या कपाटात. आई चौथीपर्यंत शिकलेली. दोन्हीकडं खडूनं लिहिलं होतं. घरातल्या फळीवर ‘खायचं’. शेडमधल्या कपाटावर ‘मारायचं’.